गाठीचं उत्तर गाठीतच असतं: सुईच्या तपासणीला घाबरू नका

तायांनो, २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. दरवर्षी या सुमाराला आशाताई गटाच्या बैठकीत येतात आणि सांगतात, "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासा." हे आता आपल्या सगळ्यांना पाठ झालंय. पण टीबी खोकल्याशिवायही होतो, आणि बायकांमध्ये तो बऱ्याचदा मानेतल्या गाठीच्या रूपाने येतो, हे मात्र बैठकीत फारसं बोललं जात नाही. म्हणून या अंकात गाठीच्या टीबीबद्दल, आणि तो ओळखण्यासाठी करतात त्या सुईच्या तपासणीबद्दल सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या जुन्या माणसांना हा आजार ठाऊक होता. ते त्याला 'गंडमाळा' म्हणत. गळ्याभोवती माळेसारख्या गाठी येतात म्हणून गंडमाळा. आज या आजारावर खात्रीचं औषध आहे, तेही सरकारी दवाखान्यात मोफत. अडतं ते औषध सुरू होण्याच्या आधी. गाठ पदराआड, ओढणीआड लपवली जाते. कुणी लेप लावतं, कुणी अंदाजाने गोळ्या देतं. महिने निघून जातात, पैसे जातात आणि गाठ कशाची होती हेच कळत नाही.

गाठ येते म्हणजे काय होतं?

आपल्या अंगात मानेत, जबड्याखाली, काखेत, जांघेत आणि पोटात, छातीतही शेकडो छोट्या छोट्या ग्रंथी असतात. डॉक्टर त्यांना लसिकाग्रंथी म्हणतात. यांचं काम गाळणीसारखं. अंगात शिरलेले जंतू इथे अडवले जातात. पायात काटा मोडून जखम पिकली की जांघेत अवधाण येतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. घसा बसला, दाढ किडली की जबड्याखाली दुखरी गाठ लागते. डोक्यात उवा, खरूज, फोड झाले की लहान मुलांच्या मानेमागे गाठी येतात. म्हणजे जवळपास कुठेतरी जंतू आहेत आणि ग्रंथी त्यांच्याशी झुंजते आहे. अशा गाठी बहुधा दुखतात आणि एकदोन आठवड्यांत आपोआप किंवा साध्या औषधाने बसतात.

टीबीचा जंतू श्वासावाटे आधी फुफ्फुसात जातो. तिथून तो लसिकेच्या वाटेने ग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो आणि तिथे घर करून बसतो. कधी लगेच, कधी अंगातली ताकद कमी झाली की काही वर्षांनी तो डोकं वर काढतो. फुफ्फुसाबाहेर होणाऱ्या टीबीत आपल्या देशात गाठीचा टीबी सगळ्यात जास्त दिसतो. त्यातही मानेतल्या गाठी जास्त, आणि तरुण वयाच्या बायका-मुलींमध्ये जास्त.

टीबीची गाठ कशी ओळखू यावी?

नुसतं हात लावून कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण शंका कधी घ्यायची, ते सांगता येतं:

- गाठ हळूहळू, आठवड्या-आठवड्याने वाढते आणि बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच आपण दुर्लक्ष करतो.
- हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठी गाठ, दोन आठवडे होऊनही बसलेली नाही.
- सुरुवातीला एक, मग शेजारी दुसरी, तिसरी. पुढे त्या एकमेकींना चिकटल्यासारख्या लागतात.
- काही महिन्यांनी गाठ मऊ पडते, वरची कातडी लालसर-जांभळी होते, आणि ती फुटून वाहू लागते. ही जखम भरता भरत नाही.
- काहींना संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणं, वजन उतरणं हे होतं.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. गाठीचा टीबी असलेल्या पुष्कळ बायकांना ताप नसतो, खोकला नसतो आणि वजनही उतरलेलं नसतं. त्या शेतात जातात, भाकऱ्या थापतात, गटाची वही लिहितात. "मला काही होत नाही, नुसती गाठ आहे," असं म्हणतात. नुसती गाठ हे एवढं लक्षणही तपासणीला जायला पुरेसं आहे.

आणि एक, मानेत येणारी प्रत्येक गाठ टीबीची नसते. साध्या जंतूंची असते, थायरॉइडची असते, कधी कॅन्सरचीही असते. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसू शकतात. म्हणून तर तपासणी लागते.

बेडका, एक्स-रे, रक्त: एवढ्यावर का भागत नाही?

"बेडका तपासला, टीबी नाही म्हणाले," असं सांगणारी एखादी ताई आपल्याला भेटतेच. बेडका फुफ्फुसातून येतो. जंतू मानेतल्या गाठीत असेल तर तो बेडक्यात सापडणार कसा? घरात हरवलेली चावी अंगणात शोधण्यासारखं ते आहे. छातीचा एक्स-रेही अशा वेळी बहुधा स्वच्छ येतो. तरी डॉक्टर बेडका आणि एक्स-रे सांगतात, ते बरोबरच आहे. गाठीबरोबर फुफ्फुसातही टीबी आहे का, हे त्यातून कळतं. तसा असेल तर तो दुसऱ्याला लागू शकतो. पण या दोन तपासण्या चांगल्या आल्या म्हणून गाठीचा प्रश्न सुटला, असं समजायचं नाही.

रक्ताचं काय? रक्तातला ईएसआर वाढला म्हणजे अंगात कुठेतरी सूज आहे एवढंच कळतं. हातावर टोचून करतात ती माँटू तपासणी, टीबीचा जंतू कधीतरी अंगात शिरला होता का एवढं सांगते. तो आज आजार करतो आहे का, ते सांगत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी ठरवण्याच्या तपासण्या तर इतक्या चुकीच्या निघत होत्या की भारत सरकारने २०१२ साली त्यांच्यावर बंदीच घातली.

मग खरं उत्तर कुठे मिळतं? गाठीतच. गाठीतला थोडासा ऐवज बाहेर काढून तपासायचा, हाच खात्रीचा रस्ता.

सुईची तपासणी म्हणजे नेमकं काय करतात?

या तपासणीला एफएनएसी म्हणतात. चिठ्ठीवर हीच अक्षरं असतात. बोलताना कुणी "गाठीतून सुईने पाणी काढणं" म्हणतं, कुणी "सुईची तपासणी". ऑपरेशन नाही, भूल नाही, टाके नाहीत, दवाखान्यात राहणं नाही. उपाशीपोटी जायची गरज सहसा नसते.

होतं ते असं. तुम्हाला बसवतात किंवा झोपवतात. मान थोडी वळवायला सांगतात. गाठीवरची कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. डॉक्टर दोन बोटांत गाठ स्थिर धरतात आणि बारीक सुई आत घालतात. ही सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहूनही बारीक असते. सुई गाठीतच दोनचार वेळा मागेपुढे करतात, म्हणजे आतल्या पेशी सुईत येतात. गाठ मऊ पडली असेल तर सिरिंजमध्ये पू किंवा दाट द्रव येतो. हे सगळं काही सेकंदांचं काम. मग सुई काढून त्या जागी कापसाचा बोळा दाबून धरायचा. कधी पहिल्या वेळी पुरेसा नमुना येत नाही, म्हणून पुन्हा एकदोनदा सुई घालावी लागते. तेव्हा घाबरून जाऊ नका, त्यात काही बिघडलेलं नसतं.

थोडा वेळ बसून घरी यायचं. त्या दिवशी जागा जरा दुखते, कधी थोडं काळं-निळं होतं. दुसऱ्या दिवशी कामाला लागता येतं. गाठ खोल असेल, म्हणजे काखेत आतवर किंवा पोटात, तर सोनोग्राफीवर बघत बघत सुई घालतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा जखमेतून रक्त लवकर थांबत नसेल, तर सुईच्या आधी डॉक्टरांना सांगा. दिवस गेले असतील तर तेही सांगा. गरोदरपणात ही तपासणी करता येते.

जायचं कुठे? आधी आपलं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथले डॉक्टर चिठ्ठी देतात. सुईच्या तपासणीची सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असेलच असं नाही. उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजला जावं लागू शकतं. ही तपासणी कोणत्या वारी होते, ते निघण्याआधीच आशाताईंकडून विचारून घ्या. म्हणजे हेलपाटा आणि बुडालेली मजुरी दोन्ही वाचतात.

एका नमुन्याचे तीन वाटे

सुईतून आलेला ऐवज अगदी थोडा असतो, पण तो तीन कामांना लागतो.

पहिला वाटा काचपट्टीवर पसरतात. ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. टीबीत पेशींचे विशिष्ट पुंजके दिसतात आणि नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा मेलेला भाग दिसतो. दुसऱ्या काचपट्टीला वेगळा रंग देऊन खुद्द टीबीचे जंतू दिसतात का, तेही शोधतात. कॅन्सर असेल तर त्याच्याही पेशी इथेच दिसतात.

दुसरा वाटा यंत्रात घालतात. या यंत्राला सीबीनॅट म्हणतात. तसंच ट्रूनॅट नावाचं यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलंय आणि ते बॅटरीवरही चालतं. ही यंत्रं नमुन्यात टीबीच्या जंतूची जनुकीय खूण शोधतात. सीबीनॅट लावल्यावर साधारण दोन तासांत उत्तर येतं. त्याबरोबर आणखी एक मोलाची गोष्ट कळते. टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन या जंतूवर चालेल की नाही, हे औषध सुरू करण्याआधीच समजतं.

तिसरा वाटा प्रयोगशाळेत जंतू वाढवायला ठेवतात. त्याला कल्चर म्हणतात. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून हे उत्तर यायला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

गडबड इथेच होते. पुष्कळदा सगळा ऐवज काचपट्टीवर जातो आणि यंत्रासाठी काही उरत नाही. किंवा नमुना फॉर्मॅलिन नावाच्या औषधात बुडवून ठेवतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही आणि यंत्राच्या तपासणीचंही नुकसान होतं. यंत्राचा आणि कल्चरचा नमुना सलाइनच्या पाण्यात, निर्जंतुक बाटलीत ठेवायचा असतो. म्हणून सुई लावण्याआधी नम्रपणे एक प्रश्न विचारायचा:

"डॉक्टर, यातला थोडा नमुना सीबीनॅटलाही पाठवणार ना?"

एवढं एकच वाक्य. हे विचारण्यात आगाऊपणा काही नाही. दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागू नये, म्हणून हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

कागदावर काय लिहून येतं?

रिपोर्ट इंग्रजीत असतो, म्हणून काही शब्द इथे देत आहोत. अर्थ लावायचं काम डॉक्टरांचंच. पण शब्द ओळखीचे असले की प्रश्न विचारता येतात.

*ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस, केसिएटिंग नेक्रोसिस:* पेशींचं चित्र टीबीसारखं आहे. क्वचित दुसऱ्या आजारांतही पेशींचे असे पुंजके दिसतात, म्हणून यंत्राच्या उत्तराची जोड महत्त्वाची.

*एएफबी पॉझिटिव्ह:* काचपट्टीवर टीबीसारखे जंतू दिसले.

*एमटीबी डिटेक्टेड:* यंत्राला टीबीचा जंतू सापडला. त्याखाली *रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड* असेल तर रिफाम्पिसिन चालेल. *रेझिस्टन्स डिटेक्टेड* असेल तर औषधं वेगळी लागतात. तीही सरकारकडून मोफत मिळतात.

*एमटीबी नॉट डिटेक्टेड:* यंत्राला जंतू सापडला नाही. पण गाठीत जंतू मुळातच कमी असतात, त्यामुळे एवढ्यावरून टीबी नाहीच असं ठरत नाही. काचपट्टीचं चित्र, कल्चर आणि अंगावरची लक्षणं हे सगळं एकत्र बघून डॉक्टर ठरवतात.

*रिअॅक्टिव्ह:* ग्रंथी कशानेतरी सुजली आहे, टीबीची किंवा कॅन्सरची खूण या नमुन्यात नाही. बहुतेक वेळा ही चांगली बातमी. मात्र गाठ बसली नाही किंवा वाढत राहिली, तर परत दाखवायचं.

*इनअॅडिक्वेट:* नमुना पुरला नाही. याचा अर्थ 'काही नाही' असा नव्हे. तपासणी झालीच नाही असं समजून पुन्हा जायचं.

सुईने उत्तर मिळालं नाही, किंवा कॅन्सरची शंका आली, तर डॉक्टर बायोप्सी सुचवतात. म्हणजे छोट्या ऑपरेशनने गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासणं. तिथेही तोच नियम: एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा भाग सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी.

बैठकीत हमखास निघणाऱ्या शंका

*"सुई लावली की गाठीचा कॅन्सर होतो म्हणे?"* नाही. सुईने टीबीचा कॅन्सर होत नाही. सुई टोचल्याने आजार अंगभर पसरतो, हीसुद्धा भीतीच. कॅन्सर मुळातच असेल तर सुईमुळे तो लवकर कळतो, आणि लवकर कळणं हे आपल्या फायद्याचं.

*"एकीच्या गाठीला सुई लावली आणि ती वाहायला लागली."* असं क्वचित होतं. गाठ आत पिकून मऊ झालेली असेल तर सुईच्या जागेतून काही दिवस पाझर येऊ शकतो. दवाखान्यात दाखवून पट्टी करून घ्यायची. टीबीचं औषध लागू पडलं की ती जागा भरून येते.

*"मग चिरून पू काढून टाकला तर?"* टीबीच्या पिकलेल्या गाठीला फोडासारखा चिरा देऊ नये. अशी जखम महिनोन् महिने वाहत राहू शकते. पू काढायचाच झाला तर डॉक्टर सुईने काढतात. बिब्बा लावणं, डाग देणं, तापलेल्या सळीचा चटका यांनी वरची कातडी जळते, आतला जंतू तसाच राहतो. मानेवरचा डाग मात्र जन्मभर राहतो.

*"डॉक्टरांनी आधी दहा-बारा दिवसांच्या साध्या गोळ्या दिल्या. चालतं का?"* चालतं. साध्या जंतूंची गाठ त्याने बसते. पण गोळ्या संपल्यावर गाठ तशीच असेल तर तिथे थांबायचं नाही. पुन्हा पुन्हा गोळ्या बदलत बसायचं नाही, सुईची तपासणी मागायची. घेतलेल्या गोळ्यांची चिठ्ठी जपून ठेवा. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी काही औषधं टीबीच्या जंतूलाही थोडी दाबतात. आजार बरा होत नाही, पण तपासणीत लपतो.

*"तपासणी नको, थेट टीबीचा कोर्सच सुरू करू, असं कुणी म्हणालं तर?"* विचारा, "नमुना घेऊन मग सुरू करता येईल का?" गाठ टीबीची नसेल तर सहा महिने औषध घेऊनही काही होणार नाही आणि खरा आजार वाढत राहील. टीबी असेल पण रिफाम्पिसिनला दाद न देणारा असेल, तरी तेच. औषध सुरू झाल्यावर जंतू सापडणंही अवघड होत जातं. म्हणून आधी नमुना, मग औषध.

*"गाठीचा टीबी घरच्यांना लागतो का?"* फक्त गाठीत असेल तर लागत नाही. वेगळं ताट, वेगळी वाटी, वेगळं अंथरूण, काहीच नको. लेकराला अंगावर पाजता येतं. गाठ वाहत असेल तर पट्टी झाकून ठेवायची आणि ती बदलल्यावर हात साबणाने धुवायचे.

पण उलटा प्रश्न जरूर विचारा: हिला हा जंतू कुणाकडून आला असेल? घरात किंवा शेजारी कुणी आजोबा, सासूबाई, दीर बरेच दिवस खोकत आहेत का? त्यांचा बेडका तपासून घ्या. गाठीचं निदान झालं की घरातल्या सगळ्यांचीच विचारपूस व्हायला हवी, लहान मुलांची आधी. आणि दूध उकळूनच प्या. आजारी जनावराच्या कच्च्या दुधातूनही टीबीचा एक प्रकार माणसाला होऊ शकतो आणि तो मानेच्या गाठीत येतो.

औषध सुरू झाल्यावर

गाठीच्या टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या वजनाप्रमाणे, रोज. सुरुवातीलाच एचआयव्ही आणि साखर तपासतात. तो नियमच आहे, त्यात संशयाचा काही भाग नाही.

बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- लघवी केशरी-लालसर होते. रिफाम्पिसिनचा रंग आहे तो, रक्त नव्हे.
- माला-एनसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्या या औषधाबरोबर नीट काम करत नाहीत. तांबी किंवा निरोध याबद्दल नर्सबाईंशी बोला.
- दिवस गेले तर घाबरून औषध बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात टीबीचा उपचार चालू ठेवणं आई आणि बाळ दोघांच्याही हिताचं असतं.
- डोळे पिवळे होणं, सारख्या उलट्या, नजर धूसर होणं किंवा रंग ओळखू न येणं: त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.
- औषध चालू असताना मधेच गाठ मोठी होऊ शकते, नवीन गाठही येऊ शकते. अनेकजणी इथेच "औषध लागू नाही" म्हणून सोडून देतात. मेलेल्या जंतूंमुळेही अशी सूज येते. दाखवायचं जरूर, पण गोळी चुकवायची नाही.
- कोर्स संपल्यावरही काहींच्या मानेत छोटी, न दुखणारी गाठ उरते. ती वाढत नसेल तर डॉक्टर बहुधा नुसती लक्ष ठेवायला सांगतात.

गट म्हणून आपण काय करायचं?

पहिलं, पैसा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषध मोफत आहे. खासगी डॉक्टरांनी निदान केलं तरी सरकारकडे नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि नोंद झालेल्या रुग्णाला मोफत औषध मिळू शकतं. तेव्हा गटातली एखादी "तपासणीला कर्ज हवं" म्हणाली तर आधी तिला सरकारी सोय सांगा. कर्ज देऊच नका असं नाही. पण हजारोंच्या तपासण्यांत तिचा हप्ता अडकण्यापेक्षा गाडीभाड्याला दोनशे रुपये आणि बरोबर जायला एक मैत्रीण, याचा उपयोग जास्त.

दुसरं, पोषण. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा मदत जमा होते. आधी ती ५०० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. गाठीच्या टीबीलाही ती मिळते. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. इथे आपली बँक सखी कामाला येते. ग्रामसंघाला वाटलं तर 'निक्षय मित्र' होऊन रुग्णाला डाळ, शेंगदाणे, तेल असा शिधाही देता येतो. शंका असेल तर निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६, फोन मोफत.

तिसरं, आणि सगळ्यात अवघड, बोलणं. लग्नाच्या मुलीच्या मानेत गाठ आली की घर गप्प होतं. "स्थळ मोडेल" म्हणून दवाखाना टाळतात, आणि गाठ फुटून डाग पडला की मग धावपळ होते. वेळेत सुई लागली तर सहा महिन्यांत मुलगी ठणठणीत होते, हे त्या घराला कुणीतरी सांगायला हवं. आईला ते आपल्या शेजारणीकडून, गटातल्या ताईकडून ऐकलं तर लवकर पटतं. मात्र कुणाच्याही आजाराची चर्चा तिच्या परवानगीशिवाय बैठकीत करायची नाही.

पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर पाच मिनिटं काढा आणि हा लेख मोठ्याने वाचा. मग प्रत्येकीने घरी जाऊन आरशासमोर स्वतःची मान, जबड्याखालची जागा, काख चाचपून बघा. लेकी-सुनांनाही सांगा. दोन आठवडे न बसलेली गाठ हाताला लागली तर तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात आशाताईंना गाठा.